विंचू चावला तर फोन काय सांगतो?

आमच्या रुग्णालयातल्या प्रत्येक निवासी डॉक्टरच्या फोनवर औषधांची माहिती देणारं एखादं तरी अ‍ॅप असतं, आणि प्रत्येकाचं निराळं. एका सकाळच्या राउंडला मी जेंटामायसिन या अँटिबायोटिकची मात्रा विचारली, तर तिघांनी तीन फोन पुढे केले आणि तीन आकडे सांगितले. तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर होते. एक दिवसातून एकदाच द्यायच्या पद्धतीचा, एक तीन वेळा विभागून द्यायचा आणि एक चक्क नवजात बाळाचा. खाटेवर समोर बहात्तर वर्षांचे आजोबा होते.

ट्रस्टच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा खजिनदार म्हणाले, "मग सगळ्यांना एकच घेऊन द्या की. वर्षाचे पैसे ट्रस्ट भरेल. कुठलं घ्यायचं ते तुम्ही बघा, मॅडम." बघायला घेतलं आणि पावसाळा संपला तरी मी बघतच होते.

आम्ही सिंधुदुर्गात. पन्नास खाटा, फिजिशियन मी एकटी, एक बालरोगतज्ज्ञ, एक सर्जन. रात्री सगळा भार एका निवासी डॉक्टरवर आणि ड्यूटीच्या सिस्टरांवर. हाताबाहेरचा पेशंट बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात जातो, पण तोवरचे पहिले तास इथेच काढावे लागतात. त्या तासांत फोनने काय सांगावं, एवढाच माझ्यापुढचा प्रश्न होता.

हातात मावणाऱ्या यंत्रात औषधांचं पुस्तक ही कल्पना मला नवी नव्हती. २००१ च्या सुमारास मुंबईत एमडी करत असताना अमेरिकेतल्या मावसभावाने पाम कंपनीचं एक वापरलेलं यंत्र पाठवलं होतं. त्यात एपोक्रेट्स हे औषधांच्या माहितीचं सॉफ्टवेअर टाकलेलं. छोटासा कृष्णधवल पडदा, काडीने लिहायचं, तेही त्या यंत्राला कळेल अशा वळणाची अक्षरं गिरवून. माहिती ताजी करायची तर संगणकाला जोडायचं. दोन बारीक सेलवर चालायचं, आणि ते सेल पार उतरले की आतलं सगळं पुसलं जायचं. वॉर्डात ते खिशातून काढलं की भोवती घोळका जमायचा. पण आमच्या ओपीडीत रोज खपणारं नाइमसुलाइड हे दुखण्यावरचं औषध त्यात नव्हतं, कारण अमेरिकेत त्याला कधी मान्यताच मिळाली नाही. ती अडचण एवढ्या वर्षांनी, एवढ्या चकचकीत पडद्यावर पुन्हा भेटेल असं मात्र वाटलं नव्हतं.

कोणी म्हणालं, ज्याला जास्त तारे ते घ्या. तारे देणारे लोक अ‍ॅप पटकन उघडतं का, दिसतं कसं याला देतात. आतली मात्रा बरोबर आहे का हे त्यांतल्या कितींनी पाहिलेलं असतं? म्हणून मी नर्सिंग स्टेशनवर एक वही ठेवली. ड्यूटीवर असताना औषधाबद्दल जो प्रश्न खरोखर पडेल तो तिथल्या तिथे लिहायचा, कितीही साधा असला तरी, आणि खाली नाव घालायचं नाही. नाव घालायला सांगितलं असतं तर वही कोरीच राहिली असती. याच प्रश्नांवर सगळ्या अ‍ॅप्सची परीक्षा घ्यायची होती.

वही भरली आणि तिने परीक्षेचा रोखच बदलला. कोणतं औषध द्यायचं यापेक्षा ते कसं द्यायचं याचेच प्रश्न जास्त. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन चालू असताना त्याच नळीतून रिंगर लॅक्टेट (कॅल्शियम असलेलं सलाईन) चालेल का? झटक्यांवरचं फेनिटॉइन डेक्स्ट्रोजमध्ये, म्हणजे साखरेच्या सलाईनमध्ये घालायचं की नॉर्मल सलाईनमध्ये? पोटॅशियम क्लोराइडचं अ‍ॅम्प्यूल किती वेळात जाऊ द्यायचं? रक्तदाब वाढवणारं नॉरअ‍ॅड्रेनालिन कशात पातळ करायचं? हे प्रश्न कोणी परीक्षेत विचारत नाही, पण रात्री अडीच वाजता जीव यांच्यावरच अवलंबून असतो. फेनिटॉइन डेक्स्ट्रोजमध्ये घातलं की साका धरतो. ते नॉर्मल सलाईनमधूनच द्यायचं, आणि मोठ्या माणसालाही मिनिटाला ५० मिलिग्रॅमच्या वर नाही. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आणि कॅल्शियम एकत्र आले की तसाच साका, आणि नवजात बाळात तो जिवावर बेततो. पोटॅशियमच्या १० मिलिलिटर अ‍ॅम्प्यूलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट (पोटॅशियम मोजायचं एकक) असतं. ते थेट शिरेत कधीच ढकलायचं नाही, बाटलीत घालून, हातावरच्या शिरेतून तासाला साधारण १० मिलिइक्विव्हॅलंट या बेताने सोडायचं. परदेशी अ‍ॅप्समध्ये तयार मिसळून आलेल्या पिशव्यांची माहिती सविस्तर. आपल्याकडे अ‍ॅम्प्यूल फोडून बाटलीत घालावं लागतं, त्याचा पत्ताच नाही.

आमच्या इन्चार्ज सिस्टर मालवणच्या. एक अ‍ॅप दहा मिनिटं चाळून त्यांनी फोन माझ्या हातात परत दिला. "मॅडम, औषध किती देवचा ता ह्या सांगता, पण कशात घालून देवचा ता सांगणा नाय." माझ्या अहवालातलं सगळ्यात नेमकं वाक्य तेच आहे. मी ते तसंच ठेवलं.

अ‍ॅप उघडण्याआधी उत्तरपत्रिका तयार हवी, नाहीतर पडद्यावर जे दिसतं तेच बरोबर वाटायला लागतं. म्हणून मी आणि आमच्या बालरोगतज्ज्ञ, दोघींनी स्वतंत्र बसून उत्तरं लिहिली. पुस्तकं, सरकारी मार्गदर्शिका आणि औषधाच्या खोक्यातला तो बारीक अक्षरांचा कागद, एवढ्यावरून. मग ताडून पाहिली. सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आणि सगळ्यात जास्त शिकायला मिळालं तेही इथेच. काही प्रश्नांवर आमचं शेवटपर्यंत जमलं नाही. ते बाजूला ठेवले आणि त्यांची कसोटी वेगळी लावली. जिथे जाणकारांतच दुमत आहे, तिथे अ‍ॅप तसं सांगतं का, की ठोकून एकच आकडा देतं?

स्पर्धेत होते ते असे: एक अमेरिकी, एक ब्रिटिश, एक देशी ब्रँडनावांच्या सूचीवर उभारलेलं, एक महागडं विश्वकोशासारखं, आणि जोडीला जागतिक आरोग्य संघटनेचं अँटिबायोटिकचं पुस्तक. नावं घेत नाही. आवृत्त्या बदलत राहतात, आणि आमच्या एका वहीवरून कोणाचं दुकान चालवायचं किंवा बसवायचं नाही. अपवाद त्या शेवटच्या पुस्तकाचा. ते २०२२ मध्ये आलं, फुकट आहे, आणि अँटिबायोटिकांची 'अ‍ॅक्सेस', 'वॉच', 'रिझर्व्ह' अशी तीन गटांत केलेली विभागणी त्यात रोजच्या आजारांना लावून दाखवली आहे. साध्या घशाच्या दुखण्याला आधी अँटिबायोटिक लागतं का, हा प्रश्न ते विचारतं. आमच्या निवासी डॉक्टरांना तो कोणीतरी विचारायलाच हवा होता.

पहिली चाळणी साधी. फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा आणि पुरुष वॉर्डच्या टोकाच्या खोलीत जायचं. आमच्या इमारतीच्या भिंती जांभ्याच्या, चांगल्या हातभर जाड. तिथे नेटवर्क तसंही लागत नाही. एक अ‍ॅप थाटात उघडलं आणि मग नुसतं गोल चक्र फिरवत बसलं. दुसऱ्याची सगळी माहिती फोनवर उतरवता येत होती, पण सिस्टरांच्या फोनात तेवढी जागाच उरली नव्हती. भाच्याच्या लग्नाचे व्हिडिओ काढून टाका असं त्यांना मी कोणत्या तोंडाने सांगू?

मग कोकणाचे प्रश्न. इथे मला खरी मजा आली आणि थोडी भीतीही वाटली.

सर्पदंश विचारला. अमेरिकी अ‍ॅपने रॅटलस्नेकवरचं प्रतिविष पुढे केलं, अगदी नीट, पायरीपायरीने. आपल्याकडचं बहुगुणी प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवरचं, आणि आमच्याकडे फुरसं भरपूर. आंबोलीकडचा हिरवा मलबार चापडा चावला तर हे प्रतिविष त्यावर बनलेलंच नाही, हा प्रश्नही वहीत होता. तो कोणालाच सोडवता आला नाही. कोरड्या काचेच्या नळीत रक्त वीस मिनिटं हलवाहलव न करता ठेवून गोठतं का ते बघायचं, ही आमची रोजची चाचणी फक्त एकात सापडली. आणि एका ठिकाणी तर मुलाचं वजन टाकल्यावर प्रतिविषाची मात्रा कमी करून आली. सापाने मूल बघून विष कमी टोचलेलं नसतं. लहान मुलालाही मोठ्या माणसाएवढ्याच कुप्या लागतात. इतर नव्याण्णव औषधांना बरोबर असलेला नियम इथे लावला तर मूल हातचं जाईल. बालरोगतज्ज्ञांनी त्या पानाचा फोटो काढून घेतला.

विंचवाचं तर विचारूच नका. लाल विंचू चावलेला माणूस घामाने भिजलेला, हातपाय गार, रक्तदाब चढलेला, आणि पुढे फुफ्फुसात पाणी. यावर प्राझोसिन द्यायचं, किलोला ३० मायक्रोग्रॅम, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी आपल्या रुग्णांवरून जगाला दाखवलं. २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या त्यांच्या चाचणीत प्राझोसिनच्या जोडीला विंचूप्रतिविष दिलं तर रुग्ण लवकर सावरतात असंही दिसलं. कोकणातल्या कुठल्याही जुन्या डॉक्टरला झोपेतून उठवून विचारा, उत्तर येईल. परदेशी अ‍ॅपमध्ये प्राझोसिन काढलं तर रक्तदाब होता, प्रोस्टेट होतं, युद्धावरून आलेल्या सैनिकांना पडणारी वाईट स्वप्नंसुद्धा होती. विंचू नव्हता. देशी अ‍ॅपमध्येही नव्हता, याचं मला जास्त वाईट वाटलं.

इथवर जे दिसलं ते उणेपण होतं, आणि उणेपण दिसतं म्हणून सांभाळता येतं. पान नाही म्हटलं की निवासी डॉक्टर मला फोन करतो. खरा धोका दोन औषधांचं एकमेकांशी जमतं का ते सांगणाऱ्या भागात निघाला.

हृदयाची कृत्रिम झडप बसवलेले पेशंट आमच्याकडे बरेच आहेत. रक्त पातळ ठेवायला त्यांतल्या अनेकांना असेनोकुमारॉल चालू असतं. अमेरिकेत ते मिळत नाही, तिथे वॉर्फरिन. अशा पेशंटला जुलाबासाठी किंवा दाढेसाठी कोणी मेट्रोनिडॅझोल लिहून दिलं की रक्त अतोनात पातळ होतं, हिरड्यांतून, लघवीतून रक्त येतं, कधी मेंदूत स्राव होतो. हा प्रश्न वहीत होताच. अमेरिकी अ‍ॅपमध्ये निवासी डॉक्टरने नाव टाइप केलं, यादीत आलं नाही. त्याने बाकीची औषधं निवडली आणि बटण दाबलं. हिरवी खूण, खाली 'परस्परक्रिया आढळली नाही'. देशी अ‍ॅपमध्ये नाव आलं. त्याने आनंदाने निवडलं, बटण दाबलं, पुन्हा हिरवी खूण. नाव होतं, पण त्या नावामागे माहिती भरलेलीच नव्हती. मला हे दुसरं जास्त भयंकर वाटलं. पहिल्यात निदान औषध यादीत नाही हे डोळ्यांना दिसलं तरी. दुसऱ्यात आपण विचारलं, त्याने ऐकलं, आणि निर्धास्त राहा म्हणून सांगितलं. धोका नाही आणि ठाऊक नाही, दोन्हींना एकच हिरवा रंग!

तेव्हापासून गुणपत्रिकेत बरोबर, चूक आणि उत्तर नाही यांच्याशेजारी मी चौथा रकाना केला: खोटा दिलासा. चुकीपेक्षाही याचे गुण जास्त कापले. सर्जन म्हणाले, जरा अतीच होतंय. मी त्यांना झडपेच्या दोन पेशंटांची आठवण करून दिली, ते गप्प बसले.

मग आपल्याकडच्या जोडगोळ्यांचा गुंता. एका गोळीत तीन औषधं, वर ब्रँडचं नाव. सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल, तापाच्या गोळीत पॅरासिटामॉल, कंबरदुखीच्या गोळीतही तेच. पेशंट तीन गोळ्या घेतो आणि आपण एकच औषध तिप्पट घेतोय हे त्याला माहीत नसतं. इथे देशी अ‍ॅपने बाजी मारली. ब्रँड टाकला की आतले घटक सुटे करून दाखवत होतं आणि एकच घटक दोनदा आला तर टोकत होतं. परदेशी अ‍ॅप्सना ते ब्रँड ओळखताच येईनात. केवळ याच एका गुणासाठी ते अ‍ॅप मी फोनवरून काढलेलं नाही.

उलट टोकही बघितलं. हृदय थकलेली, मधुमेहाची, आठ औषधं चालू असलेली एक आजी कल्पून यादी टाकली. एका अ‍ॅपने पडदाभर लाल इशारे दिले. त्यात एनलाप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन आणि वर पोटॅशियमचं सिरप हा खरोखरचा घातक मेळ होता. पण जेवणाआधी घ्या, नंतर घ्या असल्या सूचनाही त्याच लाल रंगात. निवासी डॉक्टरचा अंगठा सगळं भराभर वर सरकवत गेला. त्याला मी दोष दिला नाही.

मूत्रपिंडाच्या क्षमतेचं गणित जवळजवळ सगळ्या अ‍ॅप्समध्ये असतं. कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांचं १९७६ चं सूत्र, वय, वजन, स्त्री की पुरुष आणि रक्तातलं क्रिअ‍ॅटिनिन एवढं पुरतं. पासष्ट वर्षांचा पुरुष, ५० किलो, क्रिअ‍ॅटिनिन १.२, तर उत्तर मिनिटाला साधारण ४३ मिलिलिटर. एका अ‍ॅपने दिलं ३,८०० च्या वर. कारण तिथे आधीच मायक्रोमोलचं एकक निवडून ठेवलेलं होतं आणि आपल्या लॅबचे अहवाल मिलिग्रॅममध्ये येतात. दोन्हींत ८८.४ पटींचा फरक. एकक बदलायची सोय होती, कोपऱ्यात, फिकट अक्षरांत. माझा आक्षेप एककाला नाही. माणसाच्या मूत्रपिंडाला जे शक्यच नाही असं उत्तर त्याने न अडखळता छापलं, त्याला आहे. लॅबमधला शिकाऊ मुलगासुद्धा असा आकडा आला तर एकदा वर बघून विचारतो.

माहिती किती जुनी हे पाहायला मी काही खुणेचे प्रश्न ठेवले होते. क्षयाची औषधं आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात २०१७ पासून रोज देतात. एका अ‍ॅपमध्ये अजून आठवड्यातून तीन वेळाच होतं. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिनचं सर्दीचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असा इशारा छापायला २०२३ च्या डिसेंबरात सांगितलं गेलं. तो एकातच आला होता. गरोदरपणातल्या धोक्याची ए, बी, सी, डी, एक्स ही अक्षरं अमेरिकेने २०१५ मध्येच मोडीत काढायला घेतली, कारण सी म्हणजे नक्की काय हे कोणालाच धड सांगता येत नव्हतं. तरी निम्म्या ठिकाणी ती दिमाखात उभी. गंमत म्हणजे आमच्या निवासी डॉक्टरांना तीच अक्षरं आवडतात. परिच्छेद वाचावा लागत नाही.

पैशांचं थोडक्यात. फुकट अ‍ॅप्स फुकट नसतात. नोंदणी करताना मेडिकल कौन्सिलचा क्रमांक, फोन, विशेषज्ञता विचारतात, आणि मग मधुमेहाचं पान उघडलं की खाली एखाद्या कंपनीची नवी गोळी नाचते. एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी, दारात येतो तेव्हा निदान तो कोणाचा ते कळतं. महागड्या विश्वकोशाचं वर्षाचं मोल खजिनदारांना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला.

निवासी डॉक्टरांच्या आग्रहावरून गप्पा मारणाऱ्या एआयलाही तेच प्रश्न घातले. भाषा सगळ्यांत गोड त्याचीच, विंचवाला प्राझोसिन हे उत्तरही त्याने दिलं. पण तोच प्रश्न शब्द फिरवून विचारला तर मात्रा फिरली. ज्याचं उत्तर उद्या बदलू शकतं त्याला उत्तरपत्रिका लावायची तरी कशी? त्याला मी गुणच दिले नाहीत. सगळे ते वापरतात, हे मला ठाऊक आहे.

शेवटी एकही अ‍ॅप सर्वगुणसंपन्न निघालं नाही, आणि मी ट्रस्टला तसंच लिहून दिलं. नेटवर्कशिवाय चालणारं ब्रिटिश वळणाचं एक अ‍ॅप घेतलं, कारण त्याची औषधनावं आपल्याशी जुळतात आणि शिरेतून द्यायच्या औषधांत ते बाकीच्यांपेक्षा पुढे होतं. ब्रँड सोडवायला देशी अ‍ॅप, फक्त तेवढ्याच कामापुरतं. आणि जे कोणातच नाही ते आम्हीच लिहिलं: साप, विंचू, कीटकनाशक प्यालेला माणूस, लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप), दोडामार्गकडचा माकडताप, क्षयाच्या गोळ्या वजनाप्रमाणे. इन्चार्ज सिस्टरांनी कोणतं इंजेक्शन कशात, किती आणि किती वेळात याचा तक्ता केला. तो फोनवर चित्र म्हणून आहे आणि लॅमिनेट करून औषधांच्या ट्रॉलीलाही बांधला आहे. निवासी डॉक्टरांना एक नियम घालून दिला. परस्परक्रिया तपासताना पेशंटचं प्रत्येक औषध निवडलेल्या यादीत दिसलं पाहिजे. एक जरी गळलं तर हिरवी खूण धरायची नाही, मला उठवायचं. असेनोकुमारॉल असेल तर यादीत दिसलं तरी उठवायचं.

बालरोगतज्ज्ञांनी मात्र शिफारशीवर सही केली नाही. निवडलेलं अ‍ॅप मुलांची मात्रा वजनाने गुणून काढतं, पण कमाल मात्रेशी थांबत नाही. ५० किलोच्या मुलाला मेंदूज्वरासाठी किलोला १०० मिलिग्रॅम सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन म्हटलं की ते ५ ग्रॅम सांगतं, आणि दिवसाची मर्यादा तर ४ ग्रॅमची. आम्ही कंपनीला सविस्तर लिहिलं, पडद्याचा फोटो जोडला. आभाराचं उत्तर आलं, पुढच्या आवृत्तीत बघतो म्हणून. पुढची आवृत्ती आली आहे. त्यात पानांचा रंग बदललाय, ५ ग्रॅम तसेच आहेत. बालरोग विभागात कमाल मात्रांचा छापील कागद आणि साधा कॅल्क्युलेटर चालू आहे, आणि वर्षाचं नूतनीकरण करण्याआधी हाच प्रश्न पुन्हा विचारायचा असं खजिनदारांनी स्वतःच्या डायरीत लिहून ठेवलंय.